लॅपटॉप घेऊन परदेशी जाताय? मनाचाही खर्च धरा

उत्तर थायलंडातल्या चियांग माईत हॉस्टेलच्या सामायिक खोलीतला एक पलंग रात्रीला साधारण ३५० बाथना मिळतो. नव्वद दिवसांचे झाले ३१,५०० बाथ. त्याच शहरात दाराला स्वतःची कडी आणि आतच न्हाणी असलेली छोटी खोली महिन्याच्या बोलीवर घेतली, तर साधारण १२,००० बाथ पडतात. तीन महिन्यांचे ३६,०००. फरक ४,५०० बाथचा. बाथ पावणेतीन रुपयांच्या आसपास धरला, तर बारा हजार रुपयांहून थोडा जास्त.

पहिल्या खेपेला हे बारा हजार मी वाचवले होते. अडीच महिन्यांत सात गावं फिरले, सगळीकडे सामायिक खोलीत राहिले आणि एका अमेरिकी ग्राहकाचं काम रात्री आठ ते पहाटे चार करत राहिले. शेवटच्या आठवड्यात एका दुकानात तांदळाच्या दोन पिशव्यांपैकी कोणती घ्यावी हे मला ठरवता येईना. पंधरा-वीस मिनिटं तिथेच उभी होते, आणि मग रडू आलं ते थांबेना. परतीचं तिकीट काढून महाड तालुक्यातल्या माझ्या गावी, शिवथरला आले. पुढचे चार महिने समुपदेशकाच्या फिया आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या दोन भेटी यांत वाचवलेले पैसे गेलेच, वर महिनाभराचा पगार बुडाला.

दुसऱ्या खेपेला त्याच देशात तीन महिने राहून, काम करून, नीट झोपून परत आले. दोन्ही खेपांच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आहेत. महाड-पोलादपूरकडची बरीच मुलं-मुली आता घरून काम करतात, आणि त्यांतली काही लॅपटॉप घेऊन बाहेर पडायचं म्हणतात. तिकीट, व्हिसा, सिमकार्ड, भाड्याची दुचाकी हे सगळं त्यांनी आधीच जोडलेलं असतं. मनासाठी काय ठेवलंय असं विचारलं की एखाद्या ध्यानाच्या ॲपची वर्गणी दाखवतात. ॲपला माझा विरोध नाही. पण मनाचा पैसा सगळ्यांत आधी खोलीवर, झोपेवर आणि आपली चौकशी करणाऱ्या एका माणसावर लावायचा, आणि नंतर उपचारांवर, असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे. पुढे एकेकाचे आकडे देते. भाडी आणि फिया बदलत असतात, म्हणून त्या अंदाजाच्या समजा.

गाव एक, खोली आपली

आपल्याकडे परगावी राहण्याची रीत जुनी आहे. गिरणगावात गेलेले आमच्या भागातले चाकरमानी गावाच्या खोलीत राहत. एका खोलीत दहा-वीस माणसं, पाळ्या लावून झोपणं, जेवण खानावळीत. गैरसोय फार होती. पण कोणी दोन दिवस जेवला नाही तर खानावळवालीच्या लक्षात यायचं, आणि कोणी गप्प झाला तर गावचा दुसरा माणूस त्याला धरून गावी आणून सोडायचा. महाडच्या आसपासच्या कोकणी मुसलमान कुटुंबांतून आखातात गेलेले लोकही एकमेकांच्या ओळखीने, एकमेकांच्या शेजारीच राहिले. पूर्वी कॅसेटवर बोलणं भरून घरी पाठवत. सामायिक खोली चाकरमान्यांचीही होती आणि हॉस्टेलचीही आहे, फरक एवढाच की हॉस्टेलचे शेजारी तीन दिवसांनी बदलतात. गर्दीही असते आणि तुमची अनुपस्थिती कोणाला जाणवतही नाही. दोन्ही तोटे एकदम.

म्हणून किमान सहा आठवडे, जमलं तर तीन महिने एकाच गावात राहा. महिन्याच्या बोलीवर खोली स्वस्त पडते आणि गावोगावच्या बस-विमानांचा खर्च वाचतो. शिवाय तिसऱ्या आठवड्यापासून भाजीवाली ओळखू लागते, हेही काही थोडं नाही. पहिले चार दिवसच ऑनलाइन आरक्षित करा. खोली डोळ्यांनी पाहून, खिडकी कुठे उघडते, रात्री आवाज किती येतो, हे बघून मगच महिन्याचं भाडं द्या. अनामत बहुधा एक-दोन महिन्यांची मागतात, ती रक्कम वेगळी ठेवा.

एकत्र बसून काम करण्याच्या जागेचं, म्हणजे को-वर्किंगचं, महिन्याचं शुल्क चियांग माईत साधारण तीन ते साडेचार हजार बाथ आहे. तीन महिन्यांचं एकदम भरू नका. पहिला महिना मात्र जरूर भरा. तिथे जाण्याचं कारण इंटरनेट नाही. रोज त्याच वेळी त्याच खुर्चीवर बसलेले तेच चार चेहरे दिसतात, हे कारण. माझी तिथे एका इंडोनेशियन बाईशी ओळख झाली. दुसऱ्या महिन्यापासून आम्ही दोघी तिच्या खोलीवर बसून काम करू लागलो आणि शुल्क बंद केलं.

चियांग माईला जायचं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल टाळा. त्या महिन्यांत रानं आणि शेतं जाळल्याचा धूर दरीत साचतो, दारं-खिडक्या बंद करून बसावं लागतं. आमच्याकडे चैत्रात वणव्याने डोंगर काळे होतात ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना तो वास ओळखीचा वाटेल. पण महिनाभर तोच वास आणि उन्हाचा पत्ता नाही, अशा ठिकाणी एकट्या माणसाने राहू नये.

घड्याळाची किंमत

खर्चाच्या वहीत न दिसणारा हा सगळ्यांत मोठा आकडा. देश निवडण्याआधी कागदावर मांडा.

पुण्याच्या कंपनीत सकाळी दहा ते संध्याकाळी सात काम असेल, तर थायलंड-व्हिएतनाममध्ये ते साडेअकरा ते साडेआठ होतं. सकाळ पूर्ण आपली. बालीत साडेबारा ते साडेनऊ. जॉर्जियाच्या तिबिलिसीत साडेआठ ते साडेपाच, हे बहुतेकांना सोसतं. लिस्बनमध्ये मात्र उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेचारला बसावं लागतं. हिवाळ्यात अंधारात उठायचं, दुपारी दीडला काम संपवून बाहेर यायचं, आणि शहराला जाग आणि रंग येतो तेव्हा, रात्री आठला, झोपायचं. शहराची ओळखच होत नाही.

ग्राहक न्यूयॉर्कचा असेल तर गणित उलटतं. त्यांचे उन्हाळ्यातले नऊ ते पाच म्हणजे थायलंडात रात्री आठ ते पहाटे चार, हिवाळ्यात तर नऊ ते पाच. शिवथरला बसून तेच काम उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच होतं. म्हणजे अमेरिकी ग्राहकासाठी थायलंड घरापेक्षा वाईट, आणि लिस्बन उत्तम: दुपारी दोन ते रात्री दहा. हे मला पहिल्या खेपेआधी कोणी दाखवून दिलं असतं तर मी त्या दुकानात रडत उभी राहिले नसते.

ज्यांना द्विध्रुवी विकार आहे, किंवा घरात कोणाला आहे, त्यांनी वरचं घड्याळाचं गणित पुन्हा वाचावं. त्यांच्यासाठी झोप मोडणं ही नुसती गैरसोय नसते. सलग काही रात्री झोप कमी पडली की उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो. रात्रपाळी होईल असा देश त्यांनी निवडूच नये, आणि लांबच्या विमानप्रवासाआधी आपल्या डॉक्टरांशी औषधांच्या वेळांबद्दल बोलावं.

कंपनीला सांगून जा

पहिल्या खेपेला मी पर्यटक व्हिसावर होते आणि ऑफिसला सांगितलं नव्हतं. ती माझी चूक होती. रोज बैठकीआधी मागचा पडदा बदलायचा, बाहेर परक्या भाषेतली घोषणा ऐकू आली की माईक बंद करायचा, पावसाबद्दल कोणी विचारलं तर महाडचं हवामान पाहून उत्तर द्यायचं. दिवसातून पाच-सहा वेळा खोटं बोलणारा माणूस रात्री शांत झोपत नाही. इमिग्रेशनच्या रांगेत पोटात गोळा यायचा तो वेगळाच.

लेखी परवानगीला पैसे पडत नाहीत. मनुष्यबळ विभागाला एक पत्र लिहा: कोणत्या तारखांना, कोणत्या देशात, कामाच्या वेळा काय. कंपनी नाही म्हणाली तर नोकरी किंवा प्रवास यांपैकी एकाचा निर्णय उघडपणे होतो. व्हिसाही कामाला साजेसा घ्या. थायलंडने जुलै २०२४ मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा डीटीव्ही व्हिसा सुरू केला. एका प्रवेशाला १८० दिवस राहता येतं, शुल्क १०,००० बाथ, आणि खात्यात पाच लाख बाथ दाखवावे लागतात. ही रक्कम सगळ्यांना झेपणारी नाही. झेपत नसेल तर उसने पैसे खात्यावर फिरवून व्हिसा काढण्याच्या फंदात पडू नका. त्या कर्जाची टोचणी तीन महिने खोलीत तुमच्याबरोबर राहते.

निघण्याआधीच्या भेटी

पुण्या-मुंबईत मानसशास्त्रज्ञाच्या पाऊण ते एक तासाच्या सत्राला साधारण ८०० ते २,५०० रुपये पडतात. मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट १,००० ते २,५००, पुढच्या भेटी त्याहून कमी. ऑनलाइनही दर जवळपास हेच. निघण्याच्या महिनाभर आधी दोन सत्रं घ्या, आजार असो वा नसो. पहिल्या सत्रात आपली ओळख, दुसऱ्यात एकच विषय: माझं बिघडायला लागतं तेव्हा आधी काय दिसतं? माझ्या बाबतीत स्वयंपाक बंद होतो. कोणाच्या बाबतीत आंघोळ राहते, कोणी मोबाइलवर पहाटेपर्यंत जागतो. हे कागदावर लिहून घ्या. ओळखीचा समुपदेशक आधी जोडलेला असला की परदेशातून पहिला फोन करायला लाज वाटत नाही. हे दोन-तीन हजार रुपये मी कधीही वाया गेले म्हणणार नाही.

फी देण्याआधी एक प्रश्न विचारा. समुपदेशक हा शब्द दारावर कोणीही लिहू शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि मानसोपचारतज्ज्ञ हा एमडी किंवा तत्सम पदवी घेतलेला डॉक्टर असतो. नोंदणी क्रमांक विचारला म्हणून चांगला माणूस रागावत नाही.

पैसे नसतील तरी दार बंद नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. शिवथरहून अलिबाग म्हणजे शंभर किलोमीटरच्या वरचा प्रवास, दिवस मोडतो, हे खरं आहे. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे, तिथे मराठीत बोलता येतं. परदेशात एकटं असताना आपल्या भाषेत रडता येणं काय असतं, हे गेल्यावरच कळतं.

घरबसल्या फुकट हवं असेल तर टेलीमानस: १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही सेवा दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं. पण हा देशांतर्गत छोटा क्रमांक आहे. परदेशी सिमवरून तो लागेल असं धरून चालू नका. तो घरच्यांसाठी आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आयकॉलचा ९१५२९८७८२१ हा साधा दहा आकडी क्रमांक आहे, त्याच्यापुढे +९१ लावून साठवा.

औषधं

आधीपासून औषध चालू असेल तर मुक्कामाचे दिवस अधिक दोन आठवडे एवढा साठा घ्या. अर्धा हातातल्या पिशवीत, अर्धा मोठ्या बॅगेत. गोळ्या डबीत ओतू नका, मूळ पट्टीतच ठेवा. डॉक्टरांकडून लेटरहेडवर चिठ्ठी घ्या: कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव, मात्रा, कशासाठी, किती दिवस. याचे कोणी पैसे घेत नाही, कोणी दोन-तीनशे घेतं.

देशोदेशीचे नियम कडक आहेत. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित यादीतल्या औषधांना आधी परवानगी लागते. झोपेच्या, चिंतेच्या आणि काही वेदनाशामक गोळ्या त्या यादीत येऊ शकतात. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध महिन्याहून जास्त न्यायचं असेल तर आधी मंजुरीचा कागद घ्यावा लागतो, आणि एकाग्रतेसाठी दिली जाणारी काही उत्तेजक औषधं तिथे चिठ्ठी असूनही नेता येत नाहीत. तिकिटाआधी त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ पाहा.

इथले डॉक्टर तिथे व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवतील, असंही गृहीत धरू नका. भारतात २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, ती देशाबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत. म्हणून काही डॉक्टर रुग्ण परदेशात असताना औषध बदलून देत नाहीत. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. बोलणं चालू राहू शकतं; चिठ्ठीचं निघण्याआधीच विचारून ठेवा. आणि साठा संपला म्हणून नैराश्याची गोळी एकदम बंद करू नका. चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, बेचैनी असा त्रास होतो, आणि माणसाला वाटतं की आजारच उलटला.

तिथल्याच माणसाकडे जायची वेळ आली तर खर्च असा: चियांग माईत इंग्रजीत बोलणाऱ्या समुपदेशकाचं सत्र साधारण दीड ते तीन हजार बाथ, लिस्बनमध्ये ५० ते ८० युरो, अमेरिकेत १०० डॉलरपासून पुढे दोनशेच्याही वर. भारतातल्या समुपदेशकाशी पंधरवड्यातून एकदा व्हिडिओवर बोललात, तर तीन महिन्यांची सहा सत्रं १,२०० रुपयांच्या हिशेबाने ७,२०० रुपयांत होतात.

विमा

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २१(४) नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर संरक्षण द्यायचं आहे. पण साध्या आरोग्य विम्यात मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च मिळतो. समुपदेशनाच्या फिया हव्या असतील तर बाह्यरुग्ण खर्चाचं जादा कलम घ्यावं लागतं. शिवाय ही पॉलिसी बहुधा भारतापुरतीच असते.

प्रवास विम्याची गोष्ट वेगळी. त्याच्या वगळणीच्या पानावर मानसिक आजार आणि पूर्वीपासूनचा आजार हे शब्द शोधा. बऱ्याच पॉलिसींत ते तिथे सापडतील. वर्षभराच्या अनेक फेऱ्यांच्या पॉलिसीत एका फेरीला ३०, ४५ किंवा ६० दिवसांची मर्यादा असते, ती तीन महिन्यांच्या मुक्कामाला पुरत नाही. तिशीतल्या माणसाला नव्वद दिवसांच्या आशियाई प्रवासाचा विमा साधारण तीन ते सहा हजारांत मिळतो. विमा कंपनीला ईमेलवर एकच प्रश्न लिहा: परदेशात मला चिंतेचा तीव्र झटका आला आणि रुग्णालयात दाखल केलं, तर पैसे मिळतील का? उत्तर ईमेलवरच घ्या. फोनवर मिळालेलं हो उपयोगाचं नाही.

जुलै

शिवथरच्या माणसाने परदेशात जाताना हा महिना वेगळा धरावा.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं. वीज गेली, टॉवर बंद पडले, रस्ते तुटले. बाहेर असलेल्या आमच्या लोकांनी ते दिवस फोन लावत काढले. टीव्हीवर महाडचं नाव आणि घरचा फोन बंद. मुंबईत असलेला माणूस निदान निघू तरी शकला. परदेशातला खोलीच्या चार भिंतींत पडद्याकडे बघत बसला. तेव्हापासून मोठा पाऊस म्हटलं की माझ्या छातीत धडधडतं, आणि हे माझ्या एकटीचं नाही. वरंध, पारमाची, माझेरी या बाजूच्या कितीतरी जणांकडून मी तेच ऐकलंय.

याला उपाय आहेत, आणि स्वस्त आहेत. शक्य असेल तर जुलै-ऑगस्ट घरी काढा. प्रवास नोव्हेंबरनंतर ठेवा. जायचंच असेल तर घरच्यांना दुसऱ्या कंपनीचं एक सिम आणि चार्जिंगची एक बॅटरी घेऊन द्या, दीड-दोन हजारांत काम होतं. गावातला पायी घरापर्यंत जाऊन येऊ शकेल असा एक माणूस, आणि गावाबाहेर, महाड किंवा बिरवाडीत राहणारा दुसरा, यांचे नंबर लिहून घ्या. घरच्यांशी आधीच ठरवा: अतिवृष्टीचा इशारा आला की कोणाकडे जायचं. ते ठरलेलं असलं की फोन लागला नाही तरी मन धावायला एक जागा असते. आणि त्या दोन दिवसांत बातम्यांची चित्रफीत पुन्हा पुन्हा बघू नका. सकाळ-संध्याकाळ एकेकदा जिल्हा प्रशासनाची माहिती पाहा.

एरवी लावणीच्या दिवसांत दुपारी आई फोन उचलत नाही. चिखलाच्या हातांनी कोण उचलणार? परदेशात बसून ते विसरायला होतं आणि उगाच काळजाचं पाणी होतं. फोनची वेळ एकच ठेवा, ती मोडू नका.

विचारणारा माणूस

याला पैसा लागत नाही, म्हणून हे सगळ्यांत आधी राहून जातं. एक माणूस ठरवा. आई नको, आईला आपण खरं सांगत नाही. भाऊ, वहिनी, जुना वर्गमित्र, कोणीही. त्याने दर रविवारी तीन प्रश्न विचारायचे: या आठवड्यात किती रात्री नीट झोपलीस? काय शिजवलंस? पडद्याबाहेर कोणाशी बोललीस? माझी मामेबहीण हे विचारते. दोन रविवार लागोपाठ उत्तरं वाईट आली तर ती समुपदेशकाची वेळ घ्यायला लावते, तिसऱ्या रविवारी तिकीट काढायला सांगते. हे आमचं आधीच ठरलेलं आहे, म्हणून त्या वेळी वाद होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चांगलं यावं म्हणून बॅगेत कुळथाची पिठी नेते. तीन किलोला फार तर सहा-सातशे रुपये. थकलेल्या रात्री पिठी-भात वीस मिनिटांत होतो आणि हात स्वयंपाकाला लागतात. नेण्याआधी त्या देशाचे खाद्यपदार्थांचे नियम पाहा.

सकाळी उन्हात अर्धा तास चाला. दारू एकटीने खोलीत घेऊ नका. एकटेपणावर ती दोन तास चालते आणि दुसऱ्या दिवसाची झोप-भूक घेऊन जाते.

आमच्या शिवथरघळीबद्दल परंपरा सांगते की समर्थ रामदास बारा वर्षं देश पायी फिरले आणि पुढे इथे बसले, तेव्हा दासबोध लिहिला गेला. धुळ्याच्या शंकर कृष्ण देव यांनी १९३० मध्ये ही जागा पुन्हा उजेडात आणली. धबधब्याच्या आवाजात मी कितीदा बसलेय, आणि प्रत्येक वेळी वाटतं की फिरणं आणि काम ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच आठवड्यात दोन्ही कोंबू नयेत. माझ्या वहीत आता कामाचे पाच दिवस गावाबाहेर जायचं नाही, असा नियम आहे.

थांबायचं कधी

तीन रात्री झोप नाही. तीन दिवस खोलीबाहेर पाऊल नाही. जेवण सुटलं. कोणीतरी पाळत ठेवतंय असं वाटू लागलं. किंवा जगणं नको, असा विचार मनात आला. यांतलं काहीही झालं तर सत्राची तारीख बघत बसू नका. मरणाचा विचार असेल तर त्याच क्षणी कोणाला तरी खोलीत बोलवा, खाली स्वागतकक्षात जाऊन बसा, पण एकटं राहू नका. युरोपात ११२, ब्रिटनमध्ये सॅमॅरिटन्सचा ११६ १२३, अमेरिकेत ९८८, थायलंडात मानसिक आरोग्यासाठी १३२३ आणि रुग्णवाहिकेसाठी १६६९. जायच्या आधी आपण जाणार त्या देशाचा क्रमांक कागदावर लिहून पारपत्राच्या वेष्टणात ठेवा. त्या वेळी शोधण्याचं बळ नसतं.

पैसे नसल्यामुळे कोणी अडकून पडू नये. भारतीय दूतावासांत २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. खरोखर गरजू आणि संकटातल्या भारतीयाला राहणं, तातडीचे उपचार, परतीचं तिकीट यांसाठी त्यातून मदत होऊ शकते. दूतावासाचा आपत्कालीन क्रमांकही त्याच कागदावर लिहा.

परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांना हात लावू नका. ऐन वेळी बँकॉकहून मुंबईला साधारण १२ ते २५ हजार, लिस्बनहून ४० ते ७० हजार लागू शकतात. हे पैसे खर्च झाले नाहीत तर परत येतात. पण ते आहेत एवढ्यानेच वाईट रात्री श्वास मोकळा होतो.

माझ्या दुसऱ्या खेपेचा मनाचा हिशेब असा: निघण्याआधी डॉक्टरांची भेट १,५००, दोन सत्रं ३,०००, चिठ्ठी ३००. सहा सत्रं ७,२००. स्वतःच्या खोलीचा जादा खर्च १२,०००. एक महिन्याचं को-वर्किंग ९,५००. विमा ५,०००. एकूण ३८,५००. सगळा प्रवास मिळून अडीच लाखांच्या आसपास गेला, त्यातले हे. हाताशी ठेवलेले तिकिटाचे २५,००० तसेच परत आणले.

परत आल्यावर आठवडाभर सुट्टी धरा, तिचा बुडणारा पगारही आधीच खर्चात लिहा. घरी आल्या आल्या सगळ्यांना वाटतं की आता बरं झालं असेल. मला दोन्ही वेळा पहिले आठ-दहा दिवस उदास गेले. लोक भेटायला येतात, फोटो मागतात, आणि आपल्याला बोलावंसं वाटत नाही. रविवारचे तीन प्रश्न त्या काळातही चालू ठेवा. आमच्याकडे आता भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागे १४४१६ हा क्रमांक लिहिलेला आहे. आईने लिहिलाय. गेल्या पावसात शेजारच्या काकींनी तो उतरवून नेला.